एसीचा वैल

कोकणातल्या जुन्या घरांत चुलीला वैल असे. पुढच्या तोंडावर भाकरी भाजली जाई आणि बाजूच्या वैलावर आमटीचे पातेले किंवा पाण्याचे तपेले बसलेले असे. वैलाखाली वेगळे लाकूड घालावे लागत नसे. चुलीतून निघून धुराबरोबर वाया गेली असती तीच धग त्या तपेल्याला पुरे. ही सोय शतकानुशतके टिकली, कारण दोन गोष्टी आपोआप जुळत होत्या. चूल आणि वैल एकाच मातीत थापलेले होते, आणि चूल पेटे त्याच वेळी घराला ऊन पाणी हवे असे.

आजच्या घरातली मोठी वाया जाणारी धग चुलीमागे नसते, ती गॅलरीत असते. एसीच्या आउटडोअर युनिटसमोर हात धरला की गरम वाऱ्याचा झोत लागतो, आणि मुंबईत पावसाळ्यात त्याच झोतासमोर ओले कपडे टाकणारी घरेही आहेत. ज्या घराला एसी आहे आणि अंगणात पोहण्याचा तलावही आहे, तिथे पुढचा विचार सुचतोच. ही धग हवेत कशाला सोडायची, ती तलावात का सोडू नये? अमेरिकेत फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोना या राज्यांत हा प्रश्न घरोघरी पडतो. अमेरिकेत एकूणच दर १० घरांपैकी जवळपास ९ घरांत एसी आहे आणि देशभरातल्या खासगी तलावांची संख्या १ कोटीच्या वर आहे. ह्यूस्टन, टँपा, फिनिक्स इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या अंगणातही असे तलाव आहेत. कल्पना जुनी आहे, यंत्रे बाजारात मिळतात, भौतिकशास्त्राची तिला आडकाठी नाही. तरीही ती घरोघरी पोचलेली नाही. याचे कारण शोधायला गेले की हाती येते ते फक्त तलावांपुरते राहत नाही.

आधी धग किती, ते पाहू. एसी ‘टना’त मोजतात. हा टन बर्फाचा आहे. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढा गारवा देणारे यंत्र एक टनाचे. आजच्या हिशेबात तो ३.५ किलोवॉट होतो. पण बाहेर पडणारी उष्णता याहून जास्त असते, कारण खोलीतून उचललेल्या उष्णतेत कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही मिळते. आपल्याकडच्या नेहमीच्या दीड टनी एसीने खोलीतून सव्वापाच किलोवॉट उचलले आणि दीड किलोवॉट वीज घेतली, तर गॅलरीत पावणेसात किलोवॉट धग पडते. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे तीन गिझर एकदम चालू ठेवले तरी एवढी उष्णता होत नाही.

फ्लोरिडातल्या स्वतंत्र घराला चार टनांचा एक मध्यवर्ती एसी असणे साधी गोष्ट आहे. तो बाहेर साधारण १८ किलोवॉट टाकतो. ऑगस्टमधल्या दिवशी कॉम्प्रेसर सगळा मिळून १० तास चालला, तर १८० युनिट उष्णता झाली. आता तलाव घेऊ: १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ७५,००० लिटर पाणी. ते एका अंशाने तापवायला सुमारे ८७ युनिट लागतात. म्हणजे घर गार करता करता तलाव दिवसाला दोन अंशांनी तापवता येईल. आकडा लहान नाही, आणि जो पहिल्यांदा हा हिशेब करतो त्याला मोह पडतोच.

जोडणी कशी असते? घराच्या बाजूला, पाइपांच्या गर्दीत एसीचे बाहेरचे युनिट आणि तलावाचा पंप-फिल्टर बहुधा एकमेकांपासून काही पावलांवरच बसवलेले असतात. कॉम्प्रेसरमधून निघणारा तापलेला गॅस नेहमी युनिटच्या जाळीदार नळ्यांत जातो आणि पंखा त्यावर हवा मारून त्याला गार करतो. नव्या जोडणीत वाटेवर एक झडप बसवतात. तलावाच्या पाण्याचे तापमान ठरलेल्या अंशाखाली असले की झडप फिरते, पंखा बंद होतो आणि गॅस दुसऱ्या वाटेने एका वेटोळ्यात शिरतो. हे वेटोळे म्हणजे नळीत नळी: एकीतून गॅस, दुसरीतून तलावाचे पाणी, मध्ये धातूची पातळ भिंत. गॅस तिथे उष्णता सोडून द्रव होतो आणि घराकडे परततो. पाणी दोन-तीन अंश चढून तलावात जाते. तलाव हवा तेवढा तापला की झडप पुन्हा फिरते, पंखा सुरू होतो आणि एसी जुन्या पद्धतीने हवेला धग देऊ लागतो. पाणी वाहते की नाही हे पाहणारा एक स्विच पाइपवर असावाच लागतो, कारण पंप बंद असताना गॅस त्या वेटोळ्यात शिरला तर दाब चढतो आणि कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. भर दुपारी घर तापू लागते आणि घरातल्यांना कारण कळत नाही.

या जोडणीचा एक फायदा सहसा कोणी लक्षात घेत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत मोलाचा आहे. बाहेरची हवा ४० अंशांवर असताना एसीला गॅस ५० अंशांच्या वर तापवावा लागतो, तेव्हाच ती हवा त्याची उष्णता घेते. तलावाचे पाणी २८ अंशांवर असेल तर गॅस ३७-३८ अंशांवरच उष्णता सोडून मोकळा होतो. कॉम्प्रेसरला चढण कमी पडते, वीज कमी लागते. डोंगराच्या माथ्यावर पाणी चढवण्याऐवजी निम्म्या वाटेवरच्या टाकीत टाकावे, तसे. म्हणजे तलाव तापतो तो तापतोच, शिवाय घर गार करण्याचा खर्चही उतरतो.

मग अडते कुठे? अडते दिनदर्शिकेत.

ओरलँडोचा ऑगस्ट घ्या. दुपारी हवा ३३ अंशांच्या आसपास, एसी सर्वांत जास्त चालतो आणि बाहेर सर्वांत जास्त धग पडते. पण त्याच महिन्यात उन्हाने तापून तलाव आधीच ३० अंशांवर गेलेला असतो. त्याला आणखी उष्णता नकोच असते. जानेवारीत पहाटे हवा १० अंशांपर्यंत उतरते, न तापवलेले पाणी २० च्या खाली जाते, पोहणाऱ्यांना ऊब हवी असते आणि एसी बंद असतो. उलट त्या दिवसांत घरालाच ऊब लागते. ज्या दिवशी धग मुबलक त्या दिवशी गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक दारात येते तेव्हा दुकान बंद. मधले दिवस तेवढे उरतात: मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुपारी एसी चालतो, रात्री पाणी गारठते. या काळात कॉम्प्रेसर दिवसाला तीन-चार तास चालला तर ५५ ते ७० युनिट उष्णता मिळते. तलावाला त्याने पाऊण अंशाची भर पडते.

ती भर टिकते का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे तलावाचा खरा स्वभाव समोर येतो. उघड्या तलावाची उष्णता जमिनीत फारशी मुरत नाही, ती वर निघून जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाप्रमाणे उघड्या तलावाच्या एकूण उष्णताहानीत बाष्पीभवनाचा वाटा सुमारे ७० टक्के असतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा मागे राहिलेल्या पाण्यातून पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जाते. आपल्या ५० चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला फक्त पाच मिलिमीटर पाणी उडाले, तर ते २५० लिटर झाले, आणि त्यांनी नेलेली उष्णता जवळपास १७० युनिट. चार टनांच्या एसीने ऑगस्टच्या अख्ख्या दिवसात टाकलेली धग जवळपास एवढीच होती. तलावाच्या काठाशी पातळी बोटभरही उतरलेली दिसत नाही, आणि दिवसभराची कमाई गेलेली असते.

म्हणून या विषयात काम केलेला कोणीही माणूस यंत्राआधी आच्छादनाचे नाव घेतो. पाण्यावर अंथरायची बुडबुड्यांची प्लास्टिकची चादर दिसायला अगदीच साधी असते. ऊर्जा खाते सांगते की तलाव झाकल्याने तो तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होतो आणि वरून घालावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी घटते. वारा अडवणारी मेंदीची कुंपणेही याच कामाची. ज्याने तलाव झाकलेला नाही त्याने एसीची धग जोडणे म्हणजे तळाला भोक असलेल्या बादलीवर मोठा नळ बसवणे आहे. झाकलेल्या तलावात मात्र मार्चची ती पाऊण अंशाची भर साठत जाते, आणि आठवड्याभरात पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही एवढा फरक पडतो.

आता पैशांचा हिशेब. तलावासाठी वेगळा हीट पंप बसवण्याची पद्धत अमेरिकेत रुळलेली आहे. हे यंत्र एका युनिट विजेवर तीन ते सात युनिट उष्णता हवेतून खेचून पाण्यात टाकते. मध्यम म्हणून पाच धरू. एसीने मार्चमधल्या दिवशी ६० युनिट धग तलावाला दिली, म्हणजे वाचली ती हीट पंपाची १२ युनिट वीज. युनिटला १५ सेंट धरले तर दिवसाला १.८० डॉलर. असे १०० दिवस मिळाले तर वर्षाला १८० डॉलर. फुकटची धग फुकट असते, पण तिची किंमत ठरते तेच काम दुसरे यंत्र किती स्वस्तात करते त्यावर. हीट पंप जितके चांगले होत गेले, तितके एसीच्या धगीचे मोल उतरत गेले. सूर्याचीही स्पर्धा आहेच. छपरावर काळ्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या चटया टाकून तलावाचे पाणी त्यांतून फिरवणे, हा अमेरिकेत सौरउष्णतेचा सर्वांत मोठा वापर आहे. त्यात काच नाही, तांबे नाही, गॅस नाही. जानेवारीतल्या उन्हाच्या दिवशी एसी गप्प असतो, तेव्हाही या चटया काम करतात.

पंपाचाही खर्च मोजायला हवा. गॅसची उष्णता घ्यायला पाणी वाहते हवे, म्हणून एसी चालेल तितका वेळ तलावाचा पंप चालवावा लागतो. जुना एका वेगाचा पंप तासाला एक-दीड युनिट खातो. थंड पाण्यामुळे कॉम्प्रेसरची वीज वाचते, तीही जवळपास तेवढीच. म्हणजे या हाताने मिळाले ते त्या हाताने गेले. २०२१ च्या जुलैपासून अमेरिकेत नव्या तलाव-पंपांना कार्यक्षमतेचे कडक नियम लागू झाले आणि वेग बदलणारे पंप रूढ झाले. मंद गतीवर ते दोन-तीनशे वॉटमध्ये भागवतात. या एका बदलाने जुना हिशेब पुष्कळ सुधारला आहे.

धातू हा आणखी एक काटा. तलावात क्लोरीन असते आणि पाण्याची आम्लता वरखाली होत राहते. पाणी आम्लाकडे झुकले की तांब्याची नळी झिजू लागते, पाण्यात तांबे उतरते आणि तलावाच्या भिंतींवर हिरवट डाग दिसू लागतात. नळीला भोक पडलेच तर पाणी कॉम्प्रेसरमध्ये शिरू शकते आणि सगळा एसी टाकाऊ होऊ शकतो. म्हणून चांगल्या बनावटीची वेटोळी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची किंवा टायटॅनियमची असतात, आणि टायटॅनियम स्वस्त नसते. शिवाय एसीचा सील केलेला मार्ग कापून त्यात नवी झडप आणि वेटोळे बसवायचे म्हणजे मूळ कंपनीची हमी धोक्यात घालायची. अमेरिकेत गॅसच्या मार्गाला हात लावायला पर्यावरण संस्थेचे प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञच लागतो. गॅसही बदलत आहेत. आर-२२ चे नवे उत्पादन आणि आयात तिथे २०२० पासून थांबली. आर-४१०ए ची जागा आता आर-३२ आणि आर-४५४बी घेत आहेत. हे दोन्ही गॅस हवेला कमी तापवणारे, पण सौम्य ज्वलनशील आहेत. लांब नळ्या आणि जादा वेटोळे म्हणजे यंत्रात जास्त गॅस, आणि ज्वलनशील गॅस वाढवताना जुन्या जोडणीचे आराखडे जसेच्या तसे चालत नाहीत. नवा गॅस आणि जुनी युक्ती यांचा मेळ घालणे हे पुढच्या काही वर्षांतले काम आहे.

हे सगळे वाचून कल्पनाच चुकीची वाटू शकते. ती चुकीची नाही. फक्त प्रश्न उलटा मांडावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारातील शीतकरण संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी नेमके हेच केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी तलावाकडे एसीची धग झेलणारे भांडे म्हणून पाहिले. तलाव तापवायचा हा हेतूच बाजूला ठेवला, एसी हलका करायचा हा धरला. कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात दुपारी हवा भाजते आणि रात्र कोरडी, गार असते. दिवसभरात तलावात गेलेली उष्णता रात्री बाष्पीभवनाने आणि मोकळ्या आकाशाकडे निघून जाते, आणि सकाळी तलाव पुन्हा तयार असतो. उन्हाळ्यात दुपार उलटल्यावर वीजजाळ्यावर मोठा ताण असतो. त्या घटकेला एसीची वीज कमी होणे हे वीज कंपनीलाही हवेच असते. तलाव किती मोठा असला म्हणजे पाणी पोहण्याजोगे राहील आणि एसीचेही काम होईल, हे ठरवायला अभ्यासकांनी तलावाच्या तापमानाचे गणिती प्रारूप बांधले आणि प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले. तलावाला एसीची गरज थोडी, एसीला तलावाची गरज जास्त, हे त्या मांडणीतून स्पष्ट दिसते.

फिनिक्समध्ये मात्र हेही जमणे कठीण. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर चढत होता. अशा उन्हात तलाव ऊन दुधासारखे होतात. लोक रात्री कारंजी चालवून, पाणी हवेत उडवून ते गार करतात, काही जण तर तलाव थंड करणारी यंत्रे विकत घेतात. तिथे उन्हाळ्यात एसीची धग तलावात सोडायची म्हणजे पोहणेच बंद करायचे.

या कल्पनेचे एक थोरले भावंड घरात कधीचेच नांदते आहे. कॉम्प्रेसरमधून निघणारा गॅस ७०-८० अंशांवर असतो. द्रव होण्याआधीची त्याची ही वरची धग एकूण उष्णतेच्या १० ते २० टक्केच असते, पण ती चांगली कडक असते. तेवढीच काढून न्हाण्याचे पाणी तापवणारे छोटे वेटोळे १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर अमेरिकेत बसवले जाऊ लागले. जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या हीट पंपांबरोबर आजही ते मिळते. घरात ऊन पाणी रोज लागते, ऑगस्टमध्येही आणि डिसेंबरमध्येही. म्हणून थोडी असूनही ही धग वाया जात नाही. तलावाला मुबलक धग हवी पण कधीतरी, न्हाणीघराला थोडी हवी पण रोज. थोडीच्या बाजूने कौल लागला आहे.

आणि एक जागा अशी आहे जिथे तलाव आणि गारवा यांची गाठ कधीच सुटत नाही: छपराखालचा तलाव. बंद दालनात पाणी उडते आणि काचांवर ओघळते, लोखंड गंजते, श्वास कोंदट होतो. हवा कोरडी ठेवायला तिथे यंत्र बसवावेच लागते. ते हवा गार करून तिच्यातले पाणी काढते. वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा ती तलावातून नेलेली उष्णता परत करते. अशा यंत्रांत ती उष्णता आधी हवा पुन्हा कोमट करायला आणि उरलेली थेट तलावाच्या पाण्यात परत घालायला वापरतात. तलावातून उडालेले तलावातच परत येते. इथे ऋतूंचा खोळंबा नाही, कारण तलाव जितका उडेल तितके यंत्र चालेल आणि तितकीच उष्णता परत मिळेल. घरगुती एसी आणि अंगणातला तलाव यांच्यात जे लग्न जुळत नाही, ते इथे सुखाने नांदते.

घराबाहेर पाहिले तर तोच नियम पुन्हा पुन्हा दिसतो. जिथे गारवा बारा महिने लागतो, तिथे शेजारचा तलाव बारा महिने तापतो. कॅनडात आणि उत्तर युरोपात बर्फावरच्या खेळांची मैदाने आणि तलाव एका छपराखाली बांधण्याची रीत आहे. बर्फ गोठवताना निघणारी शेकडो किलोवॉट धग भिंतीपलीकडच्या पाण्याला मिळते.

संगणकांच्या दालनांचेही तसेच. ते दिवसरात्र तापतात, सुट्टी घेत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या उइटिकॉन गावाचा तलाव २००८ मध्येच एका डेटा सेंटरच्या उष्णतेला जोडला गेला. पॅरिसमधल्या ब्यूत-ओ-काय या शंभर वर्षांच्या वास्तूतल्या तलावाला २०१७ पासून तळघरात बसवलेले सर्व्हर ऊब देतात. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी सँ-दनीमध्ये बांधलेल्या जलतरण केंद्रालाही जवळच्या डेटा सेंटरची उष्णता मिळते.

यातले सर्वांत घरगुती उदाहरण इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एक्समथ गावचे. गॅसचे दर भडकले तेव्हा ब्रिटनमधल्या अनेक सार्वजनिक तलावांना कुलूप लागण्याची वेळ आली होती. २०२३ च्या मार्चमध्ये डीप ग्रीन नावाच्या कंपनीने एक्समथच्या तलावाला धुण्याच्या यंत्राएवढ्या आकाराची संगणकांची पेटी दिली. संगणक तेलात बुडवलेले, तेलातली उष्णता तलावाच्या पाण्यात. तलाव ३० अंशांवर ठेवण्याचे काम साधारण ६० टक्के वेळ त्या पेटीवर भागेल, असा हिशेब होता. विजेचे पैसे कंपनीने भरायचे, संगणकांचे काम इतरांना विकायचे आणि धग तलावाला फुकट द्यायची, अशी बोली होती. आपल्या यंत्राला थंडावा हवा म्हणून कंपनीच तलाव शोधत आली, हे यात महत्त्वाचे. डेव्हिसच्या अभ्यासकांनी कागदावर मांडलेला उलटा प्रश्न इथे बाजारात उतरला.

इंग्लंडमधल्याच रेडिच इथे त्याही आधी शेजारच्या स्मशानगृहाची उष्णता ॲबी स्टेडियमच्या तलावाला द्यायचे ठरले. बातमी आली तेव्हा लोक हळहळले, काही रागावले. मृतांच्या धगीत पोहायचे ही कल्पना मनाला टोचणारच, आणि तो संकोच खोटा ठरवण्याचे कारण नाही. पण दातांतल्या भरावातला पारा हवेत जाऊ नये म्हणून भट्टीतून निघणारा वायू गाळण्याआधी थंड करणे भाग होते. उष्णता कुठेतरी सोडावीच लागणार होती. नगरपालिकेने ती आकाशात न सोडता पाण्यात सोडली.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत तलाव असतो आणि शेकडो एसीही असतात, पण प्रत्येक एसी वेगळ्या घराचा, वेगळ्या मजल्यावर लोंबकळणारा. ती धग गोळा करून खाली तलावापर्यंत आणायची म्हणजे इमारतीच्या अंगावर नव्याने नळ्यांचे जाळे विणायचे. ते कोणतीही सोसायटी करणार नाही, आणि करूही नये. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंशांच्या आसपास असते तेव्हा एसीही बंद असतात. सोसायटीने बुडबुड्यांची चादर घ्यावी, गच्चीवर सौर चटया टाकाव्यात.

हॉटेलांचे तसे नाही. तिथे मध्यवर्ती चिलर, म्हणजे साऱ्या इमारतीला गारवा पुरवणारे एकच मोठे यंत्र, असतो आणि त्याची धग गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडवून घालवतात. तासाला टनामागे सुमारे सहा लिटर पाणी वाफ होते. २०० टनांचा चिलर पूर्ण चालला तर तासाला १,२०० लिटर, म्हणजे आठ तासांत जवळपास १०,००० लिटरचा एक टँकर. मे महिन्यात हे पाणी विकत घेणाऱ्या हॉटेलाला धगीबरोबर पाण्याचाही हिशेब करावा लागतो. मात्र ही धग उघड्या तलावात सोडून पाणी वाचेल असे समजू नये. तापलेला तलाव स्वतःच कूलिंग टॉवर होतो आणि तेवढेच पाणी आपल्या पृष्ठभागावरून उडवतो. तीच धग धुलाईघराच्या आणि खोल्यांच्या ऊन पाण्याकडे वळवली, तर डिझेल किंवा गॅस वाचतो आणि टॉवरवर उडणारे पाणीही वाचते. तलावाचा नंबर त्यानंतर. मुंबई-गोव्याच्या दमट किनाऱ्यावर जानेवारीतही हॉटेलांना एसी लागतो, आणि त्या दिवसांत उंच इमारतींच्या सावलीतला तलाव गार असतो. तिथे ही जोडणी खऱ्या अर्थाने शोभते.

पश्चिम महाराष्ट्रात या जुळणीचे उत्तम ठिकाण तलावापासून फार दूर आहे, ते दूधसंकलन केंद्रात. सकाळ-संध्याकाळ धार काढलेले दूध ३५ अंशांच्या आसपास येते आणि ते ४ अंशांपर्यंत उतरवायचे असते. हजार लिटर दुधातून त्यासाठी सुमारे ३५ युनिट उष्णता काढावी लागते, कॉम्प्रेसरची वीज वर. तिच्या अर्ध्याहून थोड्या अधिक उष्णतेत ५०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांपर्यंत नेता येते. संकलन उरकले की टाकी, नळ्या, कॅन, मापे सगळे ऊन पाण्याने धुवावेच लागते, रोज दोनदा, बारा महिने. कूलर आणि पाण्याची टाकी एकाच खोलीत, धग निघते त्याच तासाला तिचे काम निघते. शेवटच्या गवळ्याची सायकल फाटकाबाहेर पडेपर्यंत दूध गार झालेले असते, आणि मागच्या टाकीला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावा लागतो.